एका भिंगाखालच्या दोघी

आमच्या केंद्राच्या पाटीवरचं नाव एका दमात वाचणारा माणूस मी पाहिला नाही. त्यात राज्य होतं, संरक्षण होतं, तंत्रज्ञान होतं, कौशल्य होतं, आणि सगळ्यात शेवटी 'प्रकल्प' होता. गडचिरोलीच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'सर्किट' करून टाकलं. ऑटोवाल्याला 'सर्किट' म्हटलं की तो चंद्रपूर रोडवरच्या जुन्या गोदामापाशी आणून सोडायचा. आम्ही तिथं काम करणाऱ्या बायका म्हणजे 'सर्किटवाल्या'. माझे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांचे मित्र त्यांना मुद्दाम विचारायचे, "गुरुजी, वहिनी सर्किट हायेत म्हंते, खरं काय?" यजमान म्हणायचे, "लग्न झालं तवापासून."

ते गोदाम मुळात तेंदूपत्त्याचं. भिंती पांढऱ्या केल्या, फरशी बसवली, एसी लावले, तरी हवा दमट झाली की भिंतींतून पानांचा वास यायचा. दिल्लीहून आलेले साहेब नाक वर करून विचारायचे, "ये किस चीज की स्मेल है?" आम्ही म्हणायचो, फ्लक्सचा. तांत्रिक उत्तर दिलं की साहेबलोक पुढे विचारत नाहीत, हे मी नागपूरला एका सरकारी टेलिफोन कारखान्यात नोकरी करतानाच शिकले होते. तिथलं काम आटत चाललं होतं. मी मूळची आरमोरीची, यजमानांची नोकरी गडचिरोलीत. इथे सैन्याचं आणि सरकारचं असं काहीतरी येतंय कळल्यावर मी अर्ज केला आणि घरी परतले.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण आमच्याविषयी गावात वाटेल ते बोललं जायचं. कुणी म्हणे आम्ही बॉम्ब बनवतो. कुणी म्हणे आमच्या यंत्रात घराघरातलं बोलणं ऐकू येतं. पोटेगाव रोडवरचे एक आजोबा मोटारपंपाचा स्टार्टर डोक्यावर घेऊन फाटकाशी आले होते. "सरकारी हाव तं फुकटात कराच लागन," असं म्हणून ते शिपायाशी भांडत बसले. एका वनरक्षकाला आमच्याकडून वाघ कुठे आहे ते सांगणारं मशीन हवं होतं. मी म्हटलं, "दादा, आमच्याकडे तसं काही नाही." तो रागावून म्हणाला, "माणसाचा पत्ता लावता, वाघाचा काऊन नाई?"

आम्ही खरं तर एवढंच करायचो. जंगलात गस्तीवर जाणाऱ्या जवानाच्या खांद्याला वायरलेस सेट असतो. त्या सेटच्या पोटात तळहाताएवढी हिरवी पाटी असते. तिच्यावर मुंगीएवढे, काही तर जवसाच्या दाण्याएवढे भाग बसवायचे आणि एकेका भागाला डाख द्यायचा. डाख म्हणजे तापलेल्या टोकाने कथलाची तार वितळवून दोन धातू एकमेकांना धरून ठेवायला लावणं. चांगला जोड चकचकीत दिसतो. वाईट जोड मळकट आणि दाणेदार. आणखी एक प्रकार असतो, तो सगळ्यात वाईट. तो वरून चांगला दिसतो, टेबलावर चालतोही, आणि जंगलात गाडीच्या हादऱ्याने सुटतो. मी मुलींना सांगायची, "टेबलावर चालला म्हणून खूश होऊ नका. त्या सेटवर कुणीतरी 'आम्हाला घ्यायला या' म्हणणार आहे."

हे वाक्य मी सगळ्यांना सांगायची, पण ललिता समोर असली की गिळायची.

ललिता ढीवरांची. तिचं माहेर आरमोरीकडच्या एका तराईच्या, म्हणजे तलावाच्या, काठचं, बाप जाळं टाकून जगणारा. नवरा पोलिसांच्या खास पथकात जवान होता. एका नाल्यावरच्या छोट्या पुलावरून त्यांची गाडी जात होती, आणि पुलाखाली सुरुंग पेरलेला होता. त्या नाल्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात. पेटी घरी आली ती बंद. उघडू नका असं सांगितलं होतं, आणि ललिताने उघडली नाही. तिला पोलिसात नोकरी मिळत होती. तिने ती नाकारली आणि आमच्याकडे अर्ज केला. मी मुलाखतीत कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "घरात एक वर्दी खुंटीवर हाये मॅडम. दुसरी कुठी टांगू?"

दुःखी बाई येणार म्हणून मी तयारी केली होती, आणि आली ती मोठ्याने हसणारी. डब्यात भाजलेला सुकवट आणायची. डाखाआधी लावायच्या फ्लक्सच्या वासाला त्या मासळीचा वास पुरून उरायचा. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "इंजिनेराईन बाई, तुमच्या पनीरले तं वासच नाई, खाल्लं का नाई ते पोटाले बी समजत नाई." इंजिनीअर तेव्हा गावात खूप आले होते. हैदराबादचे, पुण्याचे. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घराने वर एक मजला चढवून भाड्याने दिला. सकाळी पोह्यांच्या टपरीवर इंग्रजी ऐकू यायला लागली. भाताच्या बांध्या होत्या तिथे प्लॉट पडले. गाव मोठं होत होतं, आणि ते आमच्यामुळे होतंय असं आम्हाला वाटायचं. थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ललिताची मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. सासू घर सांभाळायची. ललिताचा हात वर्षभरात असा बसला की नव्या मुली मी तिच्याकडेच शिकायला बसवू लागले.

मग एक दिवस कर्नलसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केंद्राचे ते प्रमुख, मितभाषी माणूस. म्हणाले, "रामटेके मॅडम, आत्मसमर्पण केलेल्या काही जणांना आपल्याकडे काम शिकवायचं आहे. सरकारची इच्छा आहे. माझीही आहे." आत्मसमर्पण केलेले म्हणजे जी माणसं जंगलात बंदूकवाल्यांच्या दलममध्ये वर्षानुवर्षं राहिली आणि मग शस्त्र ठेवून बाहेर आली. पोलीस मुख्यालयाजवळच्या पहाऱ्यातल्या वसाहतीत ती राहत होती. पुरुषांना दुसऱ्या कामांवर घेतलं. माझ्या वाट्याला एक बाई आली. तिचं खरं नाव लिहिणं बरोबर नाही. इथे मी तिला जुरी म्हणते.

जुरी भामरागडकडची माडिया, तिशीतली, चणीने लहान; नवराही तिच्याबरोबरच शस्त्र ठेवून बाहेर आलेला. चौदाव्या वर्षी गेली होती, असं तिच्यासोबत आलेल्या महिला पोलिसाने मला सांगितलं. मराठी तिला समजायची, बोलताना अडखळायची. खोलीत शिरल्यावर तिने आधी दारं कुठे आहेत ते पाहिलं, मग खिडक्या, आणि मग माणसं.

आमच्याकडे दोघींच्या मध्ये एक भिंग असायचं. मोठं, गोल, कडेने दिवा लावलेलं, लांब हाताचं, हवं तिकडे ओढून घेता येईल असं. ते महाग असल्याने वाटून वापरायचं. तेव्हा एकच जागा मोकळी होती. तिथली मुलगी लग्न होऊन बल्लारपूरला गेली होती. ती जागा ललिताच्या शेजारची.

मी ललिताला आदल्या दिवशी बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "तू नाही म्हण. मी दुसरी सोय करते, कुणाला कारणही सांगणार नाही."

तिने नखावरचा कथलाचा ठिपका खरवडून काढला. मग म्हणाली, "बसू द्या मॅडम. तिले बी पोट हायेच नं. पण माह्याशी बोलाले नोका लावू."

मी लावलं नाही. त्या शेजारी बसल्या, आणि कितीतरी महिने एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. ललिताचं काम झालं की ती बोटाच्या टोकाने भिंग पलीकडे सरकवायची. जुरीचं झालं की ती परत सरकवायची. ललिताचं हसणं तिच्या डाव्या हाताला कमी आणि उजव्या हाताला जास्त झालं, कारण जुरी डावीकडे होती. जेवायला जुरी एकटी गोदामामागच्या मोहाच्या झाडाखाली बसायची, पाठ खोडाला लावून.

काम मात्र ती विलक्षण करायची. हात हलायचा नाही. मी शिकवायला सुरुवात केली आणि दोन दिवसांतच लक्षात आलं की हिला येतं. तार जोडताना ती आधी पीळ द्यायची, टोक मागे दुमडायची, बोटाने ओढून पाहायची, आणि मगच डाख. आमच्या कारखान्यात जुने मिस्त्री असंच करायचे. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"तिथी," ती म्हणाली.

"तिथं काय जोडायची?"

"रेडिओ. बॅटरी." तिने तार ओढून पाहिली. "तिथी सुटलेलं चालत नाई."

पुढे मी विचारलं नाही. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "रेडिओच असेल." मी म्हटलं, हो, रेडिओच असेल. आम्ही दोघंही जेवलो आणि तो विषय तिथंच ठेवला.

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्यावर संकट आलं. जंगलातल्या ठाण्यांवर पाठवलेले सेट परत यायला लागले. बोलताना खरखर, मध्येच बंद. कारण सापडायला वेळ लागला. पाट्यांवर ओलीपासून वाचवायला एक पारदर्शक लेप देतात. आमच्याकडच्या दमट हवेत तो आतून वाळलाच नव्हता, आणि त्याच्याखाली ओल अडकली होती. सगळ्या पाट्यांचा लेप खरवडून काढायचा, खराब जोड पुन्हा करायचे, आणि तेही लवकर. वरून निरोप आला की जमत नसेल तर हे काम हैदराबादला हलवू. हलवू म्हणजे आम्ही घरी.

लेप खरवडणं हे एका हाताचं काम नाही. एकीने पाटी तिरपी धरायची, दुसरीने खरवडायची. मी कुणाला काही सांगितलं नाही. ललिताने पाटी उचलली, डावीकडे पाहिलं आणि म्हणाली, "धर इकडून."

हा पहिला शब्द. जुरीने धरलं.

त्या दिवसांत दोघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका भिंगाखाली डोकी खाली घालून बसायच्या. काम वाचलं. आणि बोलणं सुरू झालं ते कामापुरतं, मग थोडं कामाबाहेरचं. एक दिवस ललिताने डबा पुढे केला. जुरीने सुकवटाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीन."

"काय?"

"आमी मीन म्हणतो. मासळीले."

"बाप्पा! हे तं माही रास झाली," ललिता म्हणाली आणि डावीकडे वळून हसली. मी फाइलमध्ये डोकं घातलं होतं. तसंच ठेवलं.

एवढं लिहून मी थांबले असते तर दिवाळी अंकाला साजेशी गोष्ट झाली असती. पण पुढे जे घडलं तेच मला सांगायचं आहे.

केंद्राला चार वर्षं होत आली तेव्हा बाहेरून पाहुणे आले. अधिकारी, त्यांचे फोटोवाले, एक-दोन पत्रकार. प्रकल्पाचं यश दाखवायचं होतं. आमच्याकडे मोबाइललासुद्धा बंदी होती, त्या दिवशी कॅमेरे आत आले. पाहुण्यांना जुरीचं टेबल दाखवायचं आधीच ठरलेलं होतं. एका तरुण पत्रकाराने तिला विचारलं, पूर्वी तुम्ही काय करत होता. ती गप्प राहिली. सोबतच्या अधिकाऱ्यांना वाटलं तिला प्रश्न समजला नाही. ते कौतुकाने, हसून म्हणाले, "ये उनकी टेक्निकल टीम में थी. वहाँ माइन बनाती थी, आज देश के लिए सर्किट बनाती है." वाक्य चांगलं जमलं असं त्यांना वाटलं असावं. पत्रकाराने लिहून घेतलं. फोटो निघाला. त्या फोटोत उजव्या कडेला ललिताचा खांदा आला होता.

ललिताने डाखाचं तापलेलं आयर्न स्टँडमध्ये ठेवलं, बटण बंद केलं आणि बाहेर गेली. पाहुणे पुढच्या टेबलाकडे वळले.

दुपारी ती माझ्याकडे आली. चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "मॅडम, मले तिले एक विचारायचं हाये. तुमी समोर राहा. एकटी विचारन तं माह्या हातून काहीतरी होईन."

आम्ही तिघी गोदामामागे गेलो. जुरी झाडाखाली बसली होती, ती उठून उभी राहिली. तिला माहीत होतं, मला वाटतं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ललिताने त्या नाल्याचं नाव घेतलं. पावसाळा संपता संपता झालं होतं, असं सांगितलं. मग विचारलं, "तो तूच बनवला होता काय?"

जुरी म्हणाली, "मी डबे बनवत होती. लय बनवले. कोणता कुठी नेला, आमाले सांगत नव्हते."

"म्हंजे तुहाच होता."

"असन. नसन बी." ती शब्द शोधत होती, आणि घाईत नव्हती. "नाई म्हणीन तं तुले बरं वाटन. मले बी वाटन. पण मले माहीत नाई."

 ललिताने स्वतःचे हात पाहिले. "मी आता तार तुह्यासारखीच पिळतो," ती म्हणाली. "टोक मांगं दुमडतो. तुह्यंच पाहून शिकली मी."

  

ललिता आठवडाभर आली नाही. मी तिच्या घरी गेले तर सासू म्हणाली, "बापाकडे गेली. तराईवर जाळं टाकून राह्यली म्हंते. टाकू द्या." परत आली तेव्हा तिने जागा बदलून मागितली. मी तिला टेस्टिंगच्या खोलीत घेतलं. तिथे तयार सेट चालू करून, आवाज नीट येतो का ते तपासायचं असतं. दोन खोल्यांच्या मध्ये काच होती. जुरी एकटीच भिंग वापरू लागली. मी तिच्याशेजारी एक नवी मुलगी बसवली, तर जुरी भिंगाकडे हात न नेता आधी तिला विचारायची, "घेऊ?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जुरीच्या आईचा निरोप आला. गावाजवळच्या नव्या पोलीस कॅम्पवरून आला. आई पडून आहे, खात नाही, पोरीला पाहायचं म्हणते. जुरी घर सोडल्यापासून गावी गेली नव्हती. आधी दलममध्ये म्हणून, आणि बाहेर आल्यावर जुने सोबती मारतील म्हणून. आता तिकडे पक्का रस्ता झाला होता, टॉवर लागला होता, भीती पूर्वीइतकी नव्हती, पण होती. परवानगीसाठी तिने अर्ज केला. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात जात राहिला. कर्नलसाहेबांनी फोन केले. सगळे म्हणत होते, होईल.

हे सगळं काचेपलीकडे कसं पोचलं मला माहीत नाही. एक दिवस ललिताने दोन दिवसांची रजा मागितली. कारण विचारलं तर म्हणाली, "काम हाये." त्या रजेमागे काय होतं ते मी तिच्याच तोंडून ऐकलं, बऱ्याच महिन्यांनी, तिच्या घरी. ती मागच्या अंगणात मासे साफ करत होती, मी पाटावर बसले होते. बोलताना तिने विळीवरची नजर वर केली नाही.

ललिताच्या नवऱ्याचा पथकातला एक जोडीदार होता, धनराज. आता तो फौजदार झाला होता. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "धनराज भाऊ, त्या पोरीले तिच्या मायकडे घेऊन जा." धनराज चिडला. म्हणाला, "वहिनी, तुमी कोनाचं काम सांगून राह्यल्या, समजते का?" ती म्हणाली, "मले समजते. तिच्या मायनं तं डबे नाई बनवले." त्याने दोन दिवस घेतले आणि मग वरच्यांशी बोलून परवानगी आणली. कॅम्पवर शिधा घेऊन गाडी जाणार होती, पुढे पायी रस्ता तपासणारी तुकडी होती. पण सोबत बाईमाणूस हवं, आणि त्या दिवशी महिला पोलीस मिळत नव्हती.

"मी येतो म्हटलं," ललिता म्हणाली. "मॅडम, मी काई लय मोठ्या मनाची नाई. तो रस्ता त्याच नाल्यावरून जाते. मले ती जागा पाहायची होती. इतकी वर्सं झाली, मले कोणी नेलंच नाई. सारे म्हणत, पाहून काय करता वहिनी."

गाडी पुलाच्या अलीकडे थांबली. तुकडी पुढे गेली होती, पूल तपासून झाला होता. तरी धनराजने सगळ्यांना उतरून चालत यायला सांगितलं. पूल नवा होता, कठडे पिवळे रंगवलेले. खाली पाणी नव्हतं, नुसती रेती. ललिता म्हणाली की तिला वाटलं होतं तिथे काहीतरी असेल. एखादी खूण, खड्डा, काळं पडलेलं झाड. काहीच नव्हतं. दोन बकऱ्या चरत होत्या.

जुरी तिच्या मागून चालत होती. पुलाच्या मध्यावर येऊन तिने विचारलं, "इथी?"

धनराजने बोटाने दाखवलं. जुरी तिथे, डांबरावर, मटकन खाली बसली. हात जमिनीवर टेकले.  जवान एकमेकांकडे पाहायला लागले. एकाने तोंड फिरवलं.

"मग तू काय केलंस?" मी ललिताला विचारलं.

"काय करणार? ऊन होतं. मी तिचा दंड धरला. म्हटलं, ऊठ, तुही माय वाट पाहून राह्यली."

आई वाट पाहत नव्हती. ती सकाळीच गेली होती. गावकऱ्यांनी तिला नेलंही होतं, उन्हाळ्यात थांबता येत नाही. पोलिसांची गाडी पाहून बरीच माणसं घरात गेली, जुरीशी कुणी बोललं नाही. एक म्हातारी मावशी तेवढी भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन बाहेर आली. तिने आधी ललिताला पाणी दिलं, पाहुणी म्हणून, आणि मग भाचीला. घराच्या दारात आईची बाज उभी करून ठेवली होती. जुरीने बाजेच्या दोरीवरून हात फिरवला. धनराज म्हणाला, अंधाराच्या आत परतायचं आहे. मग त्या परतल्या. येताना गाडी पुलावर थांबली नाही.

मी ललिताला विचारलं, न राहवून विचारलं, "माफ केलंस का गं तिला?"

"नाई मॅडम," ती म्हणाली. मासा उलटा करून दुसरी बाजू साफ करायला घेतली. "माफ कराले तिनं केलं का नाई हे तं माहीत पाह्यजे. तिलेच माहीत नाई. मी कोणावर राग धरू न् कोणाले सोडू?"

आमची हाताची लाइन मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी बंद झाली. मोठं यंत्र आलं, एका बाजूने कोरी पाटी घालायची, दुसऱ्या बाजूने भरलेली घ्यायची. जोड सगळे सारखे, सगळे चकचकीत. मी शोधूनही त्यात खोट काढू शकले नाही आणि त्याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करते. केंद्र शहराबाहेरच्या मोठ्या जागेत गेलं. तिथे आता ड्रोन उडवायचं मैदान आहे, वसाहत आहे, मुलांसाठी बाग आहे. गोदाम पाडून तिथे मंगल कार्यालय झालं. बऱ्याच मुलींना घरी जावं लागलं. काही शिलाईकडे वळल्या, एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते आणि चांगलं चालवते. ललिताला टेस्टिंगमध्ये ठेवून घेतलं. आवाज नीट येतो की नाही हे ऐकायला अजून माणूस लागतं.

जुरीला आणि तिच्या नवऱ्याला दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं. कोणतं गाव, कोणत्या नावाने, ते आम्हाला सांगितलं नाही, आणि सांगू नये हेच योग्य होतं. शेवटच्या दिवशी चहा झाला, कर्नलसाहेब दोन शब्द बोलले. ललिता चहाला आली नाही. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून सेट तपासत बसली होती.

गाडी फाटकाशी आली. जुरी सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली, मी तिला वर ओढलं. मग ती टेस्टिंगच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. मी तिच्या मागेच होते.

ललिताने एका कानावरचा हेडफोन सरकवला. मान वर केली नाही.

"पोचली का फोन करजो," ती म्हणाली.

जुरी म्हणाली, "फोन कराले मनाई हाये."

ललिताने हातातल्या सेटचं बटण बंद केलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तं नोको करू," ती म्हणाली. "पोच फक्त."

जुरीने मान हलवली आणि गेली. ती पोचली की नाही, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.